एका मिनिटाचं वाचन

सिंदेवाहीपासून आत, जंगलातल्या रस्त्यानं अर्ध्या तासावर असलेल्या एका दोनशिक्षकी शाळेत मी चौथीला शिकवायचे. माझ्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता होता. दर महिन्याला प्रत्येक मुलानं एका मिनिटात किती शब्द वाचले ते त्यावर लिहायचं, त्या मिनिटाचा मोबाईलवर व्हिडिओ काढायचा आणि वर पाठवायचा. वर म्हणजे नेमकं कुणाकडे, हे मी कधी विचारलं नाही. तक्त्यात एक मुलगी कायम पहिली असायची. तिनं पुस्तक उघडलं की नळ सोडल्यासारखं वाचन सुरू व्हायचं, आणि तिचा व्हिडिओ पाठवण्याआधी मी तो दोनदा पाहायचे. खोटं कशाला सांगू, त्या व्हिडिओत मला तिच्यापेक्षा माझंच कौतुक जास्त वाटायचं.

त्या गावात बौद्ध वस्ती मोठी. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, वर्षावासाचे तीन महिने, विहारात रोज दिवेलागणीला ग्रंथवाचन चालायचं. मीही बौद्ध घरातलीच, पण वीजकेंद्राच्या वसाहतीत, ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली. आमच्या विहारात वाचन माईकवर व्हायचं, लोक हात जोडून ऐकायचे आणि खीर घेऊन घरी जायचे. या गावात वाचणाऱ्या भाऊंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा दोन बाया शाळेत आल्या आणि एखादं चांगलं वाचणारं लेकरू मिळेल का, असं विचारू लागल्या. मी लगेच माझ्या पहिल्या नंबरच्या मुलीला पुढे केलं. पहिल्या दिवशी ऐकायला स्वतःही थांबले.

थांबणं म्हणजे मुक्कामच. अंधार पडल्यावर त्या रस्त्यानं कोणी गाडी काढत नसे, वाघ कुठे ना कुठे दिसलेलाच असायचा. मुलीच्या आईनं मोठ्या आनंदानं घरी झोपायला बोलावलं होतं.

विहार भरलेला होता. मला मानानं अगदी पुढे, भिंतीला टेकून बसवलं. मुलीनं वाचायला सुरुवात केली. उतारा अनित्यतेबद्दल होता, जोडाक्षरांनी ठासून भरलेला, पण ती कुठेही अडली नाही. मी बायांच्या चेहऱ्यांकडे पाहत होते, कोण किती चकित झालं ते. तेवढ्यात समोर बसलेल्या एका म्हातारीनं हात वर केला. ही गावातल्या भाताच्या रोवणीला जाणाऱ्या बायांची मुकादम. ती म्हणाली, "थांब माय. म्हंजे का?"

म्हणजे काय, एवढंच तिनं विचारलं. तिथली रीतच तशी होती: ऐकणाऱ्याला कळलं नाही तर वाचणाऱ्यानं थांबून सांगायचं. ती रीत मला ठाऊक नव्हती, आणि मुलीला तर थांबायचं कसं हेच ठाऊक नव्हतं. तिनं तीच ओळ पुन्हा वाचली, आणखी वेगानं. म्हातारी शांतपणे म्हणाली की वाचलं ते ऐकलं, पण त्याचा अर्थ सांग. मुलगी पुस्तकात पाहू लागली, मग माझ्याकडे. तिच्याबरोबर सगळा विहार माझ्याकडे पाहू लागला.

मी घसा साफ केला. जगातली प्रत्येक गोष्ट परिवर्तनशील आहे, कोणतीही अवस्था शाश्वत नाही, असं काहीसं बोलले. आवाज वर्गात असतो तसाच खणखणीत होता. म्हातारीनं ऐकून घेतलं.

"हे बी पुस्तकातलंच झालं, बाई," ती म्हणाली. "इथलं सांगा."

मला इथलं काहीच सुचेना. ती ओळ मी लहानपणापासून वाचत आले होते, तोंडपाठ होती, आणि आत काही नव्हतं. उठून जावं तर दारापर्यंत बायाच बाया बसलेल्या, आणि दाराबाहेर तो रस्ता. इतकी कोंडी माझी आयुष्यात कधी झाली नव्हती. शेवटी कुणीतरी पुढचं वाचा म्हणालं. मुलीनं उरलेलं पान पुटपुटत संपवलं.

रात्री तिच्याच घरी जेवायला बसले. भात होता, वास्त्यांची म्हणजे बांबूच्या कोंबांची भाजी होती, आग्रह होता. मुलगी भिंतीकडे तोंड करून जेवली. तिची आई मला काही बोलली असती तरी चाललं असतं. ती फक्त भात वाढत राहिली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं वाचन बंद केलं, विहारातही आणि वर्गातही. पुस्तक उघडायची आणि गप्प बसायची. मी समजावलं, रागावले, चॉकलेटही देऊन पाहिलं. शेवटी ती म्हातारीच तिच्या घरी गेली आणि म्हणाली की तुला एकटीला सांगता आलं पाहिजे असं थोडीच आहे, तू वाच, अर्थ सगळे मिळून लावू. हे चौथीच्या मुलीला सांगायचं असतं, हे माझ्या कोणत्याच प्रशिक्षणात मी ऐकलं नव्हतं.

रविवारी ती आईबरोबर रोवणीला गेली. सोमवारी विहारात तिनं तीच ओळ पुन्हा काढली. मीही थांबले होते, पण आता मागच्या रांगेत. ओळ वाचून ती थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "पऱ्ह्याची बांधी सगळ्यात पयले हिरवी होते. मंग परे उपटले का तेच सगळ्यात पयले खाली होते. तसं."

पऱ्ह्याची बांधी म्हणजे रोपं तयार करायचा भाताचा तुकडा; त्यातली रोपं तिथल्या प्रत्येकीनं आठवडाभर वाकून उपटली होती. म्हातारी म्हणाली की रिकामी कुठं राहते, तिथंही नंतर रोवतोच की. मुलगी म्हणाली की रोवतो, पण ते परे दुसरे असतात. मग दुसरीनं काही सांगितलं, तिसरीनं तिला खोडून काढलं. एका ओळीवर तासभर गेला आणि पान उलटलंच नाही. इतका चांगला वर्ग मी तोवर पाहिला नव्हता, आणि तो माझा नव्हता.

त्यानंतर मुलगी शाळेत वाचू लागली, पण पहिल्यासारखी नाही. वाक्य संपलं की थांबायची. बर्फाळ प्रदेशाचा धडा होता, तर तिनं विचारलं की सगळीकडे बर्फ पडल्यावर तिथली गुरं काय खातात. मला माहीत नव्हतं. मी तसं कबूल केलं, तर सगळा वर्गच बोलायला लागला, एरवी तोंड न उघडणारी मुलंही. मला खूप बरं वाटत होतं. मग महिनाअखेर आली.

व्हिडिओत ती दुसऱ्या वाक्यावर थांबली, मोबाईलकडे न पाहता माझ्याकडे पाहून तिनं काहीतरी विचारलं, आणि मिनिट संपलं. तक्त्यात ती पहिल्यावरून तळाला आली. चार दिवसांनी मुख्याध्यापकांना वरून फोन आला. मुख्याध्यापक म्हणजे शाळेतले दुसरे शिक्षक; माणूस वाईट नव्हता, निवृत्तीला आलेला, कटकट नको असलेला. त्यांनी एक नमुना पुढे ठेवला आणि खुलासा लिहून मागितला. त्यात 'अडखळते' असा रकाना होता. 'थांबून विचार करते' असा नव्हता. नाहीतर नवीन व्हिडिओ पाठवा, ते म्हणाले. माझा बदलीचा अर्ज त्याच वर्षी वर गेलेला होता, हे ते बोलले नाहीत आणि बोलायची गरजही नव्हती.

मी नमुना कोराच बाजूला ठेवला. मग मुलीला बोलावलं आणि सांगितलं की आज मधे थांबायचं नाही, काही विचारायचं नाही, एक मिनिट नुसतं वाचायचं. हे सांगताना मला माझीच लाज वाटत होती, तरी मी ते सांगितलं. ती ताठ बसली आणि वाचू लागली, जुन्या वेगानं, एका दमात, एकही चूक न करता.

मी व्हिडिओ पाठवला. रेंज त्या दिवशी नेमकी चांगली होती. मान वर केली तर ती अजून तिथंच बसलेली, तिनं पान मागे उलटून बोट पहिल्या ओळीवर ठेवलं होतं.

"झालं, मॅडम?" तिनं विचारलं. "मंग आता वाचू का?"

मी हो म्हटलं, पण तिच्या नजरेला नजर देऊ शकले नाही.