दुपारी चारचं गरम पाणी

तळवड्याच्या आमच्या घरात आंघोळीचे नंबर ठरलेले होते. आधी सासरे, मग पहिल्या शिफ्टला जाणारे दीर आणि आमचे हे, मग मुलं, मग सासूबाई. मी शेवटी. तोवर बंब निवलेला असायचा. दुसऱ्या बाळंतपणानंतर माझी कंबर धरली ती धरलीच. हिवाळ्यात गार पाणी अंगावर घेताना रडू यायचं. मला फक्त एक बादली कढत पाणी हवं होतं.

बंबात पुन्हा लाकूड घालायची सोय नव्हती. कंपन्यांच्या खोक्यांच्या फळ्या पूर्वी स्वस्तात मिळायच्या, त्या आता भंगारवाले परस्पर उचलू लागले होते. विजेच्या गिझरचं नाव काढलं की सासरे म्हणायचे, "बिल कोन भरनार? तुजा बा?"

आमचे हे फिटर. कंपनीच्या गुरुवारच्या सुट्ट्या खर्ची घालून त्यांनी पत्र्याची चपटी टाकी केली, काळा रंग फासला, वर काच बसवली, ती धाब्यावर चढवली आणि तिची नळी खाली मोरीत सोडली. पाणी तापलं, अगदी हात पोळेल इतकं. पण दुपारी चार वाजता. सकाळपर्यंत पुन्हा गारढोण. सासरे म्हणाले, "सूर्याला पयल्या शिफ्टला लाव की, राव!" सगळे हसले. ह्यांनी टाकीचा विषयच सोडून दिला.

मला मात्र रोज दुपारी ते पाणी दिसायचं. फुकट तापायचं आणि फुकट निवायचं. पण आमच्यात सकाळी आंघोळ करूनच चुलीला शिवायचं. दुपारची आंघोळ म्हणजे मयताहून आल्यावर, नाहीतर कुणी गेल्याचा निरोप आल्यावर.

एका दुपारी कंबर इतकी ठणकत होती, की म्हटलं, गेली ती रीत खड्ड्यात. मोरीत शिरले आणि टाकीतलं सगळं पाणी अंगावर घेतलं. किती बरं वाटलं म्हणून सांगू!

ओले केस पुसत परसात उभी राहिले, तर शेजारच्या काकूंनी पाहिलं. डोक्यावर पदर ओढून, त्याचं टोक डोळ्यांना लावत त्या धावतच आल्या. "अगं बया, कोन गेलं?"

ओसरीवर सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. आता माझी काही धडगत नाही, असं वाटलं. पण त्यांनी मानही वर केली नाही.

"कोन बी न्हाई गेलं," त्या म्हणाल्या. "सुनंची कंबर लई दुकती. ऊन पान्यानं न्हाली."

काकू ओशाळून परत गेल्या. सासूबाईंनी माझी बाजू घेतली म्हणून मला भरून आलं. मग लक्षात आलं, की कंबरेचं मी ह्यांच्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि ह्यांना घरात असलं बोलायची लाज वाटायची. म्हणजे सासूबाईंनी ते स्वतःच पाहिलं होतं. इतके हिवाळे पाहिलं होतं, आणि रोज माझ्या आधी आंघोळीला गेल्या होत्या.