एर्नेस्तोचा एक विषय राहिलाय

आमच्या लॅबच्या फ्रीजमध्ये मालक नसलेले डबे साठतात, तसे आमच्या लंच टेबलावर किस्से साठतात. कुणी आणले ते आठवत नाही आणि टाकून द्यायचा धीर होत नाही. अधूनमधून एखादा उघडून बघायचा, अजून चांगला आहे म्हणायचं आणि परत ठेवून द्यायचा.

टेबल ह्यूस्टनमधल्या एका युनिव्हर्सिटीतलं. बसणारे चौघं. मी नागपूरची, शुगर लँडहून रोज ट्रॅफिकशी भांडत ड्राइव्ह करून येणारी रिसर्चर. लुपे मेक्सिकोची, केमिकल इंजिनियर. डेव्ह आमचा प्रोफेसर, म्हणजे बॉस, पक्का टेक्सन. आणि एर्नेस्तो, अर्जेंटिनाचा, पन्नाशीचा, लॅबमधली सगळी मशिन्स सांभाळणारा. मशीन बंद पडलं की आम्ही आधी एर्नेस्तोला हाक मारतो, मग देवाला.

जेवताना गप्पा कुठूनही निघोत, गाडी शेवटी 'आमच्याकडे युनिव्हर्सिटीत' या स्टेशनवर येतेच!

*

लुपेचे वडील पहिल्यांदा लॅब बघायला आले. ऑगस्टचा महिना, बाहेर नुसती भट्टी, आणि काका कोट-टाय घालून! मेक्सिकोत म्हणे इंजिनियरला 'इंजिनियर' म्हणूनच हाक मारतात. बँकेत, दुकानात, लग्नात, सगळीकडे. लुपेची आईसुद्धा फोनवर आधी "कशा आहात, इंजिनियर?" म्हणते आणि मग जेवलीस का विचारते.

डेव्ह नेमका हाफ पँटमध्ये होता. काकांनी किंचित वाकून "डॉक्टर" म्हणत हात पुढे केला.

"प्लीज, कॉल मी डेव्ह!"

काका शांतपणे स्पॅनिशमध्ये काहीतरी म्हणाले. लुपे भाषांतर करेना. डेव्हनं फारच आग्रह धरला तेव्हा खाली बघत म्हणाली, "ते म्हणताहेत, मी एवढ्या लांबून डेव्हला भेटायला आलेलो नाही."

मला काका मनापासून पटले. मी स्वतः पहिलं वर्षभर त्याला 'डेव्ह सर' म्हणत होते.

*

एर्नेस्तोची भानगड मला फार उशिरा कळली. एकदा डेव्हनं सहज विचारलं, "तू ग्रॅज्युएट कधी झालास रे?"

"अजून नाही झालो. मी स्टुडंट आहे."

आम्ही त्याच्या पांढऱ्या मिशांकडे बघत राहिलो.

"म्हणजे ड्रॉप आउट," डेव्ह म्हणाला.

"अजिबात नाही. एक विषय राहिलाय. हीट ट्रान्स्फर."

त्याच्या सरकारी युनिव्हर्सिटीत म्हणे राहिलेला विषय राहतो आणि तुमचं नावही राहतं. नोकरी धरा, लग्न करा, बायकोला टेक्सासात जॉब लागला म्हणून तिच्यामागे इकडे या, परीक्षा तुमची वाट बघत थांबते. डेव्हला हे काही केल्या पचेना. त्याच्या हिशेबी माणूस एकतर आत असतो, नाहीतर बाहेर. मला मात्र एका क्षणात उलगडा झाला.

"अरे, एटीकेटी!" मी ओरडलेच. मग एका विषयात नापास होऊनही पुढच्या वर्षात कसं जाता येतं, ते सगळं समजावून सांगितलं. एर्नेस्तो अगदी हळवा झाला.

"तुमच्याकडे याला नाव आहे?"

"पण ह्यूस्टनमध्ये राहून तुला हीट ट्रान्स्फर येत नाही?" लुपेनं विचारलं.

"येतं गं. तोंडी परीक्षेला तीन प्रोफेसर समोर बसले की येत नाही. दोनदा जाऊन नुसता उभा राहून आलोय."

मग त्यानं अंड्यांचं सांगितलं. अर्जेंटिनात शेवटचा विषय सुटला की घरचे आणि मित्र कॉलेजच्या दारात दबा धरून बसतात आणि नव्या ग्रॅज्युएटवर कच्ची अंडी फोडतात, वरून पीठ! एर्नेस्तोच्या घरात पहिलं अंडं आईचं. त्याच्या सगळ्या बहिणींच्या डोक्यावर आईनंच ते फोडलं होतं. हा धाकटा तेवढा कोरडा राहिलेला. आता ती फार थकलीय, कमरेचं हाड मोडल्यापासून जिना उतरत नाही. आणि इकडे याची इमिग्रेशनची केस चालू, निकाल लागेपर्यंत देश सोडू नकोस म्हणून वकिलानं बजावलेलं. दर रविवारी फोनवर आई एकच विचारते, "मग, अंडी आणून ठेवू का?"

सांगताना तो हसत होता. मला काही हसू आलं नाही.

*

एकदा आम्ही एर्नेस्तोला आमच्या युनिव्हर्सिटीचं नवं जिम बघायला नेलं. चढायची भिंत, पोहायचा तलाव, तलावात म्हणे कृत्रिम लाटा. तो सगळं मन लावून बघत होता.

"तुमच्याकडे काय होतं?" डेव्हनं विचारलं.

"एक जुनी बिल्डिंग. वर्गात जागा नसायची, आम्ही जिन्यावर बसून लेक्चर ऐकायचो. लिफ्ट कायम बंद. पण दार उघडं असायचं. ज्याला शिकायचं त्यानं आत यायचं."

परत आल्यावर डेव्हनं कार्ड टेकवून लॅबचं दार उघडलं. त्याच्या मुलीला त्याच आठवड्यात, तिला हव्या असलेल्या कॉलेजकडून नकार आला होता.

*

एर्नेस्तोच्या कॉलेजात डीन निवडणुकीनं ठरतो आणि विद्यार्थ्यांनाही त्यात मत असतं! भिंतींवर पोस्टर, वर्गावर्गात भाषणं, लेक्चर थांबवून वादावादी. लुपेनं सांगितलं, तिच्याकडे संप झाला की पोरं वर्गातल्या खुर्च्या साखळीनं बांधून गेटला लावायची आणि आत महिनाभर स्वयंपाक करून राहायची.

"आमच्याकडेही विद्यार्थ्यांना विचारतात," डेव्ह जरा दुखावून म्हणाला.

योगायोग असा, की त्याच दुपारी सगळ्यांना ईमेल आली: युनिव्हर्सिटीच्या मॅस्कॉटचा, म्हणजे मॅचच्या वेळी नाचणाऱ्या त्या फरवाल्या प्राण्याचा, नवा ड्रेस कोणता असावा? कृपया मत द्या.

एर्नेस्तोनं चष्मा लावून पूर्ण ईमेल वाचली, मग परत वर जाऊन पुन्हा वाचली.

"जाहीरनामा कुठे आहे?"

*

मी एका सेमिस्टरला लॅबचा कोर्स शिकवते. एक मुलगी ऑफिसात येऊन रडली, कारण तिला ए मायनस मिळाला होता. मी तिला पाणी दिलं, टिश्यू दिला, पण रडण्याचं कारण काही मला समजेना. डेव्ह तेव्हा कॉन्फरन्सला गेलेला. लंचला मी बाकी दोघांना विचारलं, "हे एवढं दुःखाचं असतं का?"

"आमच्याकडे दहापैकी चार म्हणजे पास," एर्नेस्तो म्हणाला. "चार मिळाले की माणूस आईला फोन करतो."

"आमच्याकडे शंभरपैकी पस्तीस," मी म्हटलं. "काठावर सुटला तर पेढे!"

आम्ही दोघांनी उठून हात मिळवले.

*

मग या वसंतात त्याच्या युनिव्हर्सिटीनं कळवलं, की परदेशात असलेल्यांना तोंडी परीक्षा ऑनलाइन देता येईल. एर्नेस्तो आठवडाभर नीट जेवला नाही. डेव्हनं स्वतः मीटिंग रूम बुक केली आणि त्या दिवशी दाराबाहेर खुर्ची टाकून पहाऱ्याला बसला. त्याच्या शेजारी आम्ही दोघी. दार किंचित किलकिलं, आत एर्नेस्तो, गळ्यात टाय.

स्क्रीनवर तीन प्रोफेसर. एकानं हाऊजीला असतो तसा गोळ्यांचा पिंजरा फिरवला, एक नंबर काढला आणि त्या नंबरचा प्रश्न वाचला. एर्नेस्तो गप्प. लुपे माझ्या कानात कुजबुजून भाषांतर करत होती, तीही गप्प. मला माझ्या सगळ्या व्हायवा आठवल्या.

शेवटी त्यातल्या म्हाताऱ्या प्रोफेसरनं विचारलं, "तुम्ही राहता कुठे?"

"ह्यूस्टनला."

"मग घर थंड कसं ठेवता ते सांगा."

झालं! एर्नेस्तोचं तोंड जे सुटलं! भिंती, छप्पर, काचा, एसीचा कॉम्प्रेसर, पाचव्या मिनिटाला तो टाय सैल करून बोर्डावर आकृती काढत होता. मग परीक्षक चर्चेसाठी कॅमेऱ्यासमोरून उठले, पण माइक चालूच राहिला, त्यामुळे दुपारी जेवायला कुठे जायचं यावरचं त्यांचं भांडण आम्ही अख्खं ऐकलं. परत येऊन त्यांनी आकडा सांगितला.

"चार!" लुपेनं भाषांतर केलं.

"दहापैकी?" डेव्हचा चेहरा पडला. "ओह नो. आय ॲम सो सॉरी."

मी आणि लुपे तोवर कॉरिडॉरमध्ये एकमेकींना धरून उड्या मारत होतो.

*

आता अंडी. डेव्हनं नियमाप्रमाणे सेफ्टी ऑफिसला ईमेल केली, की पार्किंग लॉटमध्ये एका सहकाऱ्यावर अंडी फोडायची आहेत. उत्तर आलं, हे रॅगिंगमध्ये मोडतं. डेव्हनं लिहिलं, त्याची स्वतःचीच इच्छा आहे. पुन्हा उत्तर आलं, अंडी उकडलेली की कच्ची?

म्हणून ठरलं, माझ्या घरचं बॅकयार्ड. अडचण एकच, घरी आई होती. आई नागपूरहून उन्हाळ्यासाठी आलेली, आणि ती असताना आमच्या घरात अंडं येत नाही. केकसुद्धा चौकशी होऊन आत येतो.

"बाहेर काय करायचं ते करा," तिनं सांगितलं. "माझ्याच्यानं तो वास नाही सोसवत बाप्पा. दाराच्या आत एक नको."

आणि शनिवारी उजाडल्यापासून ती दारातच खुर्ची टाकून राखणीला बसली.

नऊच्या सुमाराला सगळे जमले. लुपेनं अंड्यांचा मोठा ट्रे आणला, डेव्हनं पीठ. एर्नेस्तो हिरवळीवर मधोमध उभा राहिला, पांढराशुभ्र शर्ट घालून. लुपेनं फोनवर व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर उशीला टेकलेली त्याची आई, केस विंचरलेले, ओठांना लिपस्टिक. ती लेकाकडे नुसती बघत राहिली. मग तिनं काहीतरी विचारलं.

लुपेनं हळूच भाषांतर केलं. "त्या विचारताहेत, तिथं कुणाची आई आहे का?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं.

"काय म्हणते ती?" आईनं मला विचारलं. मी सांगितलं. पहिलं अंडं आईचं असतं, तिला इथं येता येत नाही, याला तिथं जाता येत नाही, सगळं सांगितलं.

आईनं फोनमधल्या त्या बाईकडे निरखून पाहिलं. "पास झाला ना पण नक्की?"

"हो. चार मिळाले."

आई उठली. पदर कमरेला खोचला. फोनला नमस्कार केला, तिकडून त्या आईनंही दोन्ही हात जोडले. मग माझ्या आईनं ट्रेमधलं एक अंडं टिश्यूत धरून उचललं, तोंड दुसरीकडे वळवलं आणि एर्नेस्तोच्या डोक्यावर फोडलं.

फोनमधून टाळ्या आल्या आणि मग रडणं. एर्नेस्तो गुडघ्यांवर बसला होता, मिशांवरून बलक ओघळत होता आणि तोही रडत होता. डेव्ह पिठाची पिशवी छातीशी धरून उभाच.

आईनं टिश्यू टाकला, हात पुसला आणि ट्रेमध्ये डोकावून पाहिलं.

"यातलं एकही माझ्या घरात यायचं नाही," ती म्हणाली, आणि दुसरं उचललं.