हरीकाका आणि राळ लावलेले डबे

श्री. हरेश्वर राऊत यांची आणि माझी ओळख एका तक्रारीमुळे झाली. थळच्या कोळीवाड्यामागे मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि काही महिन्यांनी घरोघरच्या टीव्हीचे चित्र तुटू लागले. हे टॉवरमुळे होते असे हरीकाकांनी सांगितले. थळमध्ये अँटेनाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असतो. त्यामुळे मी मोजणीची यंत्रे घेऊन गावात उतरले तेव्हा निकाल आधीच लागला होता. येत्या ग्रामसभेत टॉवर बंद करण्याचा ठराव यायचा होता.

मला पहिल्यांदा त्यांच्याच दारात पाठवण्यात आले. ते पडवीत बसून तार सोलत होते.

"टॉवरवाली का तू?"

"मोजणीवाली."

"मग मोज. चहा आधी घेणार की नंतर?"

"नंतर."

"काही सापडलं नाही तर मिळणार नाही हां."

हरीकाकांच्या या अमृतमहोत्सवी ग्रंथासाठी लिहायला मला सांगण्यात आले तेव्हा मी दोनदा नकार दिला. मी रेडिओ लहरींचे मोजमाप करते. गौरव करण्याची सवय मला नाही. शेवटी हरीकाकांचाच फोन आला. "डब्यांचं लिहिणार असशील तर लिही. नुसतं चांगलं लिहायला बाकीचे बसलेत." म्हणून हे डब्यांचे लिहीत आहे.

आधी त्यांच्या कामाविषयी. थळला मुंबईचे प्रक्षेपण समुद्रावरून येते. ते डिजिटल झाल्यावर बहुतेक गावांनी छपरावरच्या अँटेना भंगारात घातल्या आणि डिश लावल्या. थळमध्ये बऱ्याच घरांनी हरीकाकांच्या भरवशावर अँटेना ठेवल्या. त्या बसवताना ते होकायंत्र वापरत नाहीत. समुद्रातल्या खांदेरी बेटावरच्या दीपगृहाकडे तोंड करून उभे राहायचे, उजवा हात सरळ बाजूला काढायचा, मग तो एक वीत पुढे आणायचा. बोट दाखवील तिकडे अँटेनाचे तोंड. पहिल्या दिवशी मी त्यांच्या या कोनाची माझ्या होकायंत्राशी तुलना केली. फरक पाच अंशांहून कमी होता. मी तसे सांगितले, तर त्यांनी विचारले, "चुकलंय कोण, मी का तुझं यंत्र?"

दुसरी त्यांची पद्धत मी आता स्वतः वापरते. काम झाल्यावर ते घरातून लगेच निघत नाहीत. भरती-ओहोटीची एक पाळी पुरी होईपर्यंत टीव्हीसमोर बसून राहतात. लहरी पाण्यावरून परावर्तित होऊन येतात, पाण्याची पातळी बदलली की चित्राची ताकदही बदलते. ओहोटीला स्वच्छ दिसलेले चित्र भरतीला तुटू शकते. हे मी पुस्तकात शिकले होते. तरी त्या दिवशी एका घरी आकडे घेऊन दहा मिनिटांत यंत्र आवरायला लागले, तेव्हा त्यांनी मला थांबवले. "बस गो बाय. पाणी वर येऊ दे." पाच तास आम्ही एका कंटाळवाण्या मालिकेचे जुने भाग बघत बसलो. भरतीला माझा आकडा जवळजवळ निम्म्यावर आला.  मग चहा मिळाला.

आता डबे. थळमध्ये माडांच्या आडोशामुळे अँटेनाला लहरी कमी मिळतात. म्हणून खांबावरच, अँटेनाजवळ, बुस्टर लावावा लागतो. बुस्टर म्हणजे कमकुवत लहरी वाढवणारी छोटी पेटी. बाजारातले बुस्टर खाऱ्या हवेत वर्षभरात गंजून जात. हरीकाकांनी त्यावर स्वतःचा उपाय काढला. पेटी पत्र्याच्या डब्यात बसवायची आणि डब्याच्या सगळ्या फटी होडीला लावतात त्या राळ-तेलाने बंद करायच्या. होडीत पाणी शिरत नाही तर डब्यात का शिरेल, असा त्यांचा हिशेब होता. तो कित्येक वर्षे बरोबर ठरला. गावात अर्ध्याहून जास्त छपरांवर हे राळ लावलेले डबे होते आणि बाहेरून सगळे नव्यासारखे दिसत.

मी मात्र टीव्हीच्या तक्रारीसाठी आले नव्हते. टॉवरच्या कंपनीने मला पाठवले होते ते उलट तक्रारीसाठी. टॉवरला दूरच्या फोनच्या लहरी नीट मिळत नव्हत्या. फोनच्या लहरी टॉवरपर्यंत येतात तेव्हा अगदी क्षीण असतात. जवळपास एखादे बिघडलेले यंत्र त्याच फ्रिक्वेन्सीवर सतत फालतू लहरींचा गोंगाट करत असेल, तर त्या बुडून जातात. सर्वांत लांबचे फोन आधी तुटतात. थळमध्ये सर्वांत लांबचे फोन म्हणजे खांदेरीच्या पलीकडे मासेमारीला गेलेल्या होड्यांवरचे.

कोळीवाड्यात चांगुणाबाई जाळे विणत बसल्या होत्या. त्यांचे यजमान आणि दोन दीर एकाच होडीवर जातात. त्यांनी मला थेट सुनावले.

"मशीन बंद पडली ना होडीची, पूर्ण दुपार फोन लागत न्हवता. शेवटी दुसऱ्या होडीनं ओढून आणली. तुमचा टॉवर टीव्ही बी खातो आनि फोन बी खातो. मग त्यो हाय कशाला?"

मी म्हटले, "तेच शोधायला आलेय."

"शोध गो बाय. सापडला तर मला दाखव, मी बघते त्याला."

गोंगाट करणारे यंत्र शोधायची रीत सोपी असते. हातात दिशादर्शक अँटेना धरायची आणि ज्या दिशेला आकडा वाढेल तिकडे चालत राहायचे. हरीकाका माझ्यासोबत निघाले. उन्हात त्यांनी माझी दुसरी पिशवी घेतली आणि ती परत द्यायला नकार दिला. वाटेत ते प्रत्येक छप्पर ओळखत होते: हा खांब कुठल्या वादळात वाकला, ती अँटेना कोणाच्या लग्नाआधी बसवली. दोन ठिकाणी आकडा चढला आणि पुन्हा उतरला. संध्याकाळी चारच्या सुमारास तो चढला तो चढतच राहिला. माझ्या अँटेनाचे तोंड ज्या घराकडे होते ते हरीकाकांचे होते.

मी थांबले. तेही थांबले. त्यांनी यंत्राच्या पडद्याकडे पाहिले, मग स्वतःच्या छपराकडे.

"वरचा डबा बंद करून बघू," ते म्हणाले.

घरात जाऊन त्यांनी बुस्टरची वायर काढली. पडद्यावरचा गोंगाट एका क्षणात नाहीसा झाला.

"लाव परत," दारात येऊन पडद्याकडे बघत त्यांनी आत काकूंना सांगितले. गोंगाट परत आला. "काढ." गेला. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या वेळी ते बाहेर आले आणि ओट्यावर बसले. "झालं," एवढेच म्हणाले.

डबा खाली उतरवून उघडला तेव्हा कारण दिसले. राळेने खारे पाणी अडवले होते, पण आत अडकलेला दमटपणाही बाहेर जाऊ दिला नव्हता. अर्थिंगच्या तारेचा सांधा आतल्या आत सडला होता आणि बुस्टर लहरी वाढवण्याऐवजी स्वतःच गोंगाट करू लागला होता. बाहेरून चकचकीत असल्यामुळे कोणाला उघडून बघावेसे वाटले नव्हते. त्यांनाही नाही.

"असे किती असतील?" मी विचारले.

"जेवढे मी लावले तेवढे," ते म्हणाले.

ग्रामसभेला चार दिवस होते. त्या चार दिवसांत आम्ही आणखी काही डबे उघडले. सगळे सडलेले नव्हते, पण बरेच होते. याचबरोबर हेही आढळले की टॉवरच्या अगदी जवळच्या घरांत चित्र तुटते ते टॉवरमुळेच. टॉवरच्या जोरदार लहरींनी बुस्टर भांबावतो आणि चित्राच्या चौकटी पडतात. हरीकाका याला "लाद्या पडणं" म्हणतात. म्हणजे हरीकाकांचे म्हणणे अर्धे खरे होते.

ग्रामसभेत वाचायच्या अहवालासाठी मी त्यांना एक वाक्य लिहून दाखवले. 'टॉवरच्या लहरींमुळे काही घरांतील टीव्हीवर परिणाम होतो व काही जुन्या उपकरणांमुळे टॉवरवर परिणाम होतो.' त्यात एकही शब्द खोटा नव्हता आणि कोणाचे नाव येत नव्हते. मी अशी वाक्ये रोज लिहिते. त्यांनी ते दोनदा वाचून माझ्याकडे परत दिले.

"बरोबर आहे. पण हे वाचून लोक ठराव करतील. टॉवर बंद झाला तर त्या होड्यांचं काय?"

 मला त्याचे उत्तर माहीत होते आणि ते वाक्य लिहितानाही माहीत होते.

ग्रामसभेत ते उभे राहिले तेव्हा त्यांच्या हातात त्यांच्याच छपरावरचा डबा होता. फार बोलले नाहीत. "टॉवरचा दोष थोडा. जास्त दोष याचा, आणि हा मी बनवलाय. होड्यांचे फोन यानंच बुडाले. टॉवर राहू दे. डबे मी काढतो."

मागून एका तरुणाने विचारले, "काका, म्हंजे टॉवर न्हाय, तुमचाच डबा व्हय?"

"व्हय. माझाच."

 मग चांगुणाबाई म्हणाल्या, "हरी, मी येवढे दीस टॉवरला शिव्या घातल्या. त्या आता कशा परत घेऊ?"

"माझ्या नावावर कर."

"तुझ्या नावाच्या नवीन घालीन. त्या शिळ्या झाल्या."

लोक हसले, पण सगळे नाही. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ, ज्यांच्या घरी हरीकाकांनी तीन वेळा अँटेना बसवली होती, उठून गेले. ते पुढे अनेक महिने हरीकाकांशी बोलत नव्हते. ठराव मात्र झाला नाही.

डबे काढायला सबंध हिवाळा लागला. टॉवरजवळच्या घरांसाठी मी कंपनीकडून फिल्टर मागवले. टॉवरच्या लहरी बाहेरच अडवून टीव्हीच्या तेवढ्या आत सोडणारी छोटी पेटी. ते बसल्यावर तिथले चित्र सुधारले. बाकी घरांत हरीकाकांनी डबा काढून खांब उंच केला आणि बुस्टरशिवाय चालते का ते पाहिले. जिथे चालले नाही तिथे लोक म्हणाले, "राहू दे काका, आता फोनवरच बघतो." ते ऐकून ते मान हलवत आणि अँटेनाही उतरवून देत. एका घरी उतरताना ते पायरीवर बसले आणि म्हणाले, "दमलो गो." मी त्यांना तेव्हा पहिल्यांदाच असे म्हणताना ऐकले. त्यानंतर अनेकदा ऐकले आहे.

त्यांच्या आपुलकीविषयी या ग्रंथात इतर लोक अधिक चांगले लिहितील. मी एकच सांगते. त्या हिवाळ्यात त्यांचे गुडघे वर चढायला तयार होत नव्हते, तेव्हा शिडी मी चढू लागले. मला उंचीची भीती वाटते. ती मी कोणालाच सांगितलेली नाही, कंपनीत तर नाहीच. त्यांनी विचारले नाही. पहिल्या दिवशी शिडीच्या दोन्ही पायांवर स्वतःचे पाय ठेवून ते उभे राहिले आणि मी वर असेपर्यंत खालून सतत बोलत राहिले: कालच्या माशांविषयी, काकूंच्या कमरेविषयी, त्या कंटाळवाण्या मालिकेविषयी. आवाज थांबत नसे, म्हणून मला खाली बघावे लागत नसे. शेवटच्या छपरापर्यंत त्यांनी ते चालू ठेवले. बोलून बोलून त्यांचा घसा बसला होता.

आता मी वर्षातून दोनदा थळच्या टॉवरची तपासणी करायला येते. होड्यांचे फोन खांदेरीच्या पलीकडूनही लागतात. गोंगाट नाही. काम दोन तासांत संपते, तरी मी भरती पुरी होईपर्यंत थांबते.

गावात अजून काही अँटेना शिल्लक आहेत आणि त्या अधूनमधून वादळात वाकतील. त्या सरळ करायला वर मी जाईन. हरीकाकांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो, एवढे मागताना माझा स्वार्थ आहे हे मी कबूल करते. खाली शिडी धरायला मला दुसरे कोणी चालणार नाही.