चादरीपुढचा निकाह

सौदीतल्या रास तनुराच्या लेबर कॅम्पात आम्ही एका खोलीत आठजण राहायचो. एका शुक्रवारी, नमाजाला गेलेले परतल्यावर, मी लॅपटॉपवर जुना जपानी सिनेमा लावला. युद्ध हरल्यानंतरची झोपडपट्टी. तिथला मालक एकच पत्र्याचं खोपटं चार कुटुंबांना भाड्याने देतो आणि साहेबलोक पाहणीला आले की सगळ्यांना धुतलेले कपडे घालून हसायला लावतो. आम्ही पोट धरून हसत होतो. श्रीवर्धनचे चाचा मात्र मधेच म्हणाले, "बंद कर ता. माझा कॉल यायचाय."

त्या दुपारी त्यांच्या मुलीचा निकाह होता. चाचांचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक, धंदा गुंडाळून गायब झाला होता आणि जाताना, हा माणूस कामावरून पळाला, अशी तक्रार करून गेला होता. इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, संपलेला; कफीलाच्या सहीशिवाय घरी जायची वाट बंद. कॅम्पबॉसच्या मेहरबानीवर ते आमच्यात राहत होते. घरी मात्र सांगितलेलं, कंपनीने क्वार्टर दिलंय, फक्त रजा मिळत नाही.

आम्ही लगबगीने दोरीवरचे बनियन काढले, दुमजली खाटांपुढे स्वच्छ चादर ताणली, मेसमधली प्लास्टिकची फुलं आणून ठेवली. चाचा इस्त्रीचा शर्ट घालून, व्हिडिओ कॉल लावून चादरीपुढे बसले.

"अब्बा, घर छान आहे की तुमचं," मुलगी म्हणाली. "मग आम्हाला कधी बोलावलं का नाहीत?"

"बोलावणार होतो गो. आता तू चाललीस तुझ्या घरी."

काझींनी विचारायला सुरुवात केली आणि चित्र थिजलं. तिचं 'कबूल' आलंच नाही. पुन्हा कॉल लागला तेव्हा तिकडे निकाह आटोपून खजूर वाटत होते. चाचा हसले, दुवा दिली. फोन ठेवल्यावर भिंतीकडे तोंड करून बसून राहिले. चादर काढायला कुणीच उठेना.

पुढच्या आठवड्यात ते स्वतःहून पोलिसांकडे गेले. पकडून का होईना, घरी पाठवतील, अशी आशा. संध्याकाळी परत आले.

"कफीलाला घेऊन ये म्हणतात," एवढंच बोलले.

तोवर त्यांची खाट बॉसने एका नव्या वेल्डरला दिली होती. मी सरकून जागा केली, पण ते खालीच आडवे झाले.

माझी नंतर तबूकला बदली झाली. फोनवर दर वेळी विचारायचो, काही हाललं का? "नाय रे," म्हणायचे. आता मी ते विचारत नाही. जेवलात का, एवढंच विचारतो.