सूती की सिंथेटिक?

बमरोलीच्या आमच्या घरातल्या जुन्या वॉशिंग मशीनला चौदा बटणं होती आणि आम्ही त्यातलं एकच वापरायचो. बाकीच्यांना आई हात लावू देत नसे. "बिघडी जाई," म्हणायची. ते मशीन कायमचं बंद पडलं तेव्हा मी हौसेने बोलणारं मशीन आणलं. बटणं नकोत, नुसतं सांगायचं.

सांगायचं काम वडिलांकडे आलं. तीस वर्षं कापड विणायच्या लूमच्या खडखडाटात काढल्यामुळे त्यांना ऐकू कमी येतं, पण बोलतात ते चार घरांत ऐकू जातं. मशीनला ऐकू आलं नाही, असं होणारच नव्हतं.

पहिल्या दिवशी ते शर्टाची बटणं लावून मशीनसमोर उभे राहिले. "धुई टाक!"

"ज़रूर," मशीन गोड आवाजात म्हणालं. "कपड़े सूती हैं या सिंथेटिक?"

वडिलांचा चेहरा खुलला. काम सुटल्यापासून त्यांना कापडाबद्दल कोणी काही विचारलंच नव्हतं. ते खाली बसले, एकेक कपडा बाहेर काढून चिमटीत चोळू लागले. "देख, हाई साडी जॉर्जेट शे. ताना पॉलिस्टर, बाना बी पॉलिस्टर, पन पीळ देख कसा..."

"माफ़ कीजिए, मैं समझी नहीं. सूती या सिंथेटिक?"

मशीनमधल्या पोरीला शंका आहे, असं समजून त्यांनी तेच पुन्हा हिंदीत आणि आणखी मोठ्याने सांगितलं. भांडण कोणाचं चाललंय ते बघायला वरच्या मजल्यावरच्या भाभी खाली आल्या. मशीनने चौथ्यांदा तोच प्रश्न विचारला, तेव्हा वडील उठले. "हिले कापडनं काहीच समजस नही!" म्हणाले आणि प्लग उपटला. त्या दिवशी आईने कपडे हाताने धुतले. धुताना ती जे बोलली ते मशीनला कळलं नाही तेच बरं.

मी वडिलांना समजावलं, की फक्त "सिंथेटिक" म्हणा आणि मोकळे व्हा.

"अन् त्यामा लुंगी सूती शे तं? खोटं बोलू?" ते खरोखर दुखावले होते.

शेवटी तोडगा निघाला. कपड्यांचे दोन ढीग करायचे, मशीन बंद असताना वडिलांनी मनसोक्त बोलून घ्यायचं, मग ते चालू करून एकच शब्द सांगायचा. तो शब्द ते कोर्टात साक्ष दिल्यासारखा उच्चारत.

पण भाभींनी त्यांचं सगळं ऐकलं होतं. दुसऱ्याच दिवशी त्या साडी घेऊन आल्या, कापड कुठलं ते विचारायला. "काका, आ शुं छे?" मग शेजारच्याही येऊ लागल्या. दाराशी खुर्ची आली, आईचा चहा वाढला.

परवा त्या सगळ्याजणी बसल्या असताना मी माझा नवा शर्ट धुवायला टाकला. शुद्ध लिनन म्हणून मी तो ऑफिसात चार जणांना दाखवला होता. वडिलांनी बाही चिमटीत धरली, माझ्याकडे दयेने पाहिलं आणि मशीनकडे वळून चार घरांत ऐकू जाईल असे ओरडले, "सिंथेटिक!"

"धन्यवाद," मशीन म्हणालं. त्याला ते पहिल्याच फटक्यात समजलं.