बॉम्बला माती

ईट गावच्या कब्रस्तानात फकरुद्दीन तीस वर्षं कबरी खोदत होता. लोक तीन-तीन मुठी माती देऊन घरी जात. कबर बुजवून शेवटची मूठ तोच टाकी.

अठ्ठेचाळीस साली निजामाच्या मोठ्या लोकांनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "हिंदुस्थान फौज पाठवत नाही, नुसता दम देतोय." फकरुद्दीनचा धाकटा भाऊ जाफर त्यावर विसंबला आणि बंदूक घेऊन नळदुर्गाकडं गेला. फौज आली. पाच दिवसांत राज्य बुडालं. छाती ठोकणारे मेले नाहीत. मेला जाफर, आणि त्याची कबर फकरुद्दीनलाच खोदावी लागली.

बासष्टच्या ऑक्टोबरात चावडीवरचा रेडिओ ऐकून शाळेचे गुरुजी कब्रस्तानात येऊन त्याला सांगत होते, क्युबापाशी रशिया आणि अमेरिका समोरासमोर उभे ठाकलेत. एकेका बॉम्बनं अख्खं शहर जळेल. पण दोघांनाही वाटतंय, समोरचा नुसता दम देतोय.

फकरुद्दीनच्या हातातलं फावडं थांबलं. "आमचे मोठे लोकबी हेच म्हनले हुते, गुरुजी. तवा माती द्यायला निदान मी तरी उरलो."

चार दिवसांनी गुरुजी हसतच आले. "चाचा, मिटलं! रशियानं माघार घेतली."

"आन् बॉम्ब?"

"ते आहेत दोघांकडं, जसेच्या तसे."

फकरुद्दीन भडकला. "मग मिटलं कसं म्हंता? शेवटची मूठ पडल्याबिगर मी कुनाचंच मिटलं म्हनत न्हाय. त्या बॉम्बला माती कुनी दिली, ते सांगा."