वन्संनी मला न सांगितलेलं एक वाक्य

वन्सं माझ्याशी दीड वर्ष खोटं बोलल्या आणि मग एका सकाळी मरून गेल्या.

भांडायला जागाच ठेवली नाही.

आज भातसानगरला त्यांचं वर्षश्राद्ध झालं. सगळ्यांनी फोटो टाकले. मला नुसता फोटो टाकून हात जोडायचं चिन्ह लावणं जमेना, म्हणून लिहितेय.

वन्सं म्हणजे माझी मोठी नणंद. त्यांचे मिस्टर धरणावर कामाला. वन्सं बी.ए. झालेल्या, इंग्रजी धडाधड वाचायच्या. मी मॅट्रिक.

आमची ऋतुजा आठवीत असताना हात धुवायला लागली.

अकरा वेळा. मध्येच आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. आरतीत शब्द अडखळला की आरतीही पहिल्यापासून.

मला काय वाटलं सांगू? पोरगी देवभक्त निघाली! शेजारणीला कौतुकाने सांगायचे, "आमच्या ऋतूला सोवळं किती कळतं बघ."

तिच्या हातावर तांब्याने पाणी मीच ओतायचे. तिच्याबरोबर आकडे मोजायचे. "झालं गो, स्वच्छ झालं," असं दहादा म्हणायचे.

मग बोटांना भेगा पडल्या. रक्त यायला लागलं. शाळा बुडायला लागली.

हा आजार आहे हे वन्संनीच ओळखलं. आटगावहून गाडी धरून आम्हाला ठाण्याला घेऊन गेल्या. लहान मुलांच्या मनाच्या आजारांची ओपीडी.

तिथले शब्दच वेगळे. असेसमेंट, ओसीडी, थेरपी, फॉलोअप. मी घाबरून म्हटलं, "वन्सं, तुमीच जा आत. मला त्यातलं काय कळायचं नाय."

ही माझी चूक. ती लपवणार नाही.

मी बाहेर बाकावर जप करत बसायचे. त्या आल्या की विचारायचे, "काय म्हणाल्या मॅडम?"

"काय नाय गो सुलभे. पोर हुशार आहे, डोकं जरा जास्त पळतं. गोळी टाइमावर द्यायची. आईने टेन्शन नाय घ्यायचं."

घरी येऊन मी तारीख टाकून वहीत तसंच उतरवायचे. सवयच आहे मला.

त्या हिवाळ्यात म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेला गेलो. वन्संनी ऋतूचा हात धरून एका बैलाच्या पाठीवर ठेवला आणि लगेच भज्यांचा कागद तिच्यापुढे धरला.

"खा. तशीच खा. हात नाय धुवायचे."

पोर रडायला लागली.

"वन्सं, जत्रेत आणून पोरीला काय रडवता?"

"रडू दे गो. तू नको मध्ये पडू."

मी पडलेच. दुकानामागे नेऊन बाटलीतलं पाणी तिच्या हातावर ओतलं. अकरा वेळा.

वन्सं बघत उभ्या होत्या. डोळे भरलेले. मला वाटलं, पश्चात्ताप झाला.

तेव्हा तरी त्यांनी बोलायचं होतं.

त्यानंतर वर्षभराने त्या हृदयाच्या झटक्याने गेल्या. तेरावं झाल्यावर फॉलोअपला मी पहिल्यांदा ऋतूबरोबर आत गेले.

मॅडम साध्या मराठीत बोलल्या. एवढ्या साध्या, की मला रडूच आलं.

"पाणी अजून तुम्हीच ओतता?"

"हो."

मॅडमनी फाइलचं पहिलं पान उघडलं. मग म्हणाल्या, "पहिल्याच भेटीत सांगितलं होतं, आईने ओतणं हळूहळू बंद करायचं. 'स्वच्छ झालं' म्हणणंसुद्धा. आम्ही त्याला अकोमोडेशन म्हणतो. मुलीला त्रास नको म्हणून घरचे आजाराचे नियम पाळायला लागतात, आणि आजाराला बळ मिळतं. तुम्ही मायेनेच केलंत, पण थांबवायला हवं."

जत्रेचं विचारलं. तो थेरपीचा होमवर्क होता. ऋतूने स्वतः कबूल केलेला.

"मग मला आत का नाही बोलावलं?"

"दोनदा बोलावलं. त्या म्हणाल्या, भावजयीला उपवासाने चक्कर येते, बाहेरच बसू द्या."

उपवासाने चक्कर! मला! जन्मात कधी आली नाही.

घरी येऊन वहीतलं पहिल्या भेटीचं पान काढलं. माझ्याच अक्षरात: "आईने टेन्शन घेऊ नये."

खाली लाल पेनाने लिहिलं: "आईने पाणी ओतू नये."

तेवढं एकच वाक्य होतं माझ्या वाट्याचं. तेवढंच मला मिळालं नाही. वन्सं तिकडे पोरीला एक पायरी वर चढवत होत्या आणि मी घरी रोज खाली आणत होते.

ऋतूला विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "आत्या बोलायची, मम्मीला कळलं तर ती खचेल. परत देवापुढे पण बसायची नाय."

"म्हणजे तुला पण माहीत होतं?"

"हो."

त्या दिवशी मी दोघींशीही बोलले नाही. एक तर फोटोतच होती.

सगळे म्हणतात, तुला लागू नये म्हणून लपवलं त्यांनी. लागलं असतं की! दोन दिवस जेवले नसते. तिसऱ्या दिवशी तांब्या खाली ठेवला असता.

तेवढी धमक माझ्यात आहे, असं त्यांना वाटलं नाही. वीस वर्षं ओळखून. मला लागलं ते हे.

माझ्यासारखी कुणी बाहेर बाकावर बसली असेल तर बाई, ऊठ. आत जा. नाही कळलं तर मराठीत सांगा म्हण. सांगतात.

आज संध्याकाळी घरी येऊन देवापुढे दिवा लावला. ऋतू आता दहावीत आहे. आरतीत मध्येच तिचा शब्द चुकला.

थांबली. हातात ताट तसंच. माझ्याकडे बघितलं.

मी टाळ्या वाजवत पुढची ओळ म्हटली.

तिची बोटं ताटाच्या कडेला आवळलेली दिसत होती. भेगा नाहीत आता त्यांना. एक ओळ गेली. दुसरी गेली.

तिसरीला तिचा आवाज माझ्या आवाजात मिसळला.

बघितलंत वन्सं? मला जमलं असतं.

माफ केलं असं लिहिणार नाही. आत्ताच देवापुढून उठलेय, खोटं कशाला बोलू? पण माझ्या पोरीचं दुखणं माझ्याआधी तुम्हाला दिसलं, हेही तेवढंच खरं.

राग तसाच ठेवून हात जोडते. जिथे असाल तिथे सुखात राहा.

तुमची सुलभा